दुखणं खाली, मग ऑपरेशन पोटातून का?

प्रश्न : माझ्या आईचं वय ७० आहे. शौचाला बसलं की तिचं अंग बाहेर येतं, हाताने आत ढकलावं लागतं. मूळव्याध समजून बरेच दिवस मलमं लावली. आता सर्जन म्हणतात, हा गुदभ्रंश आहे, पोटातून दुर्बिणीने ऑपरेशन करावं लागेल. त्रास खाली असताना पोटाला भोकं कशासाठी? आणि बाहेर येतं ते सरळ कापून का टाकत नाहीत?
– एक वाचक, हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

उत्तर : कारण बिघाड वर आहे, खाली दिसतं ते त्याचं टोक. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. तो माकडहाडाच्या वरच्या हाडाला, म्हणजे त्रिकास्थीला, आतून धरलेला असतो आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला खालून आधार देतात. ही पकड सैल पडली की कुंथताना गुदाशय आपल्याच पोकळीतून खाली सरकतो आणि सदऱ्याची बाही काढताना उलटावी तसा उलटून बाहेर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. जुनी बद्धकोष्ठता आणि वर्षानुवर्षांचं कुंथणं यांचा त्यात मोठा वाटा. बाळंतपणात स्नायूंवर आलेला ताण हेही एक कारण, पण मूल न झालेल्या बायकांनाही हा त्रास होतो.

मूळव्याधीशी गल्लत नेहमीचीच. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती वाचल्या, तर त्या जागेचं प्रत्येक दुखणं मूळव्याधच वाटावं! फरक डोळ्यांना दिसतो. मूळव्याधीचे कोंब सुटे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून बाहेरच्या दिशेने जातात. गुदभ्रंशात सगळा घेर एकसंध बाहेर येतो आणि त्यावर एकात एक गोल वळ्या दिसतात. टेबलावर झोपवून तपासलं की हे अनेकदा लपतं. म्हणून सर्जन रुग्णाला उकिडवं बसवून कुंथायला सांगतात. घरी मोबाइलवर काढलेला फोटोही उपयोगी पडतो, लाजू नका. या वयात ऑपरेशनआधी आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगितली, तर तीही टाळू नये. आत गाठ नाही ना, हे पाहायचं असतं.

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत त्याची कारणं म्हणून कुंथणं आणि अतिसार सांगितले आहेत. उपाय असा : शेकून, तेल लावून भाग आत सारायचा आणि मधोमध भोक असलेल्या चामड्याचा गोफणाबंध बांधायचा. जर्मन सर्जन टियर्श यांनी १८९१ साली गुदद्वाराभोवती चांदीची तार घातली. दोन्हींत विचार एकच : तोंड आवळा. पण आतली पकड सैल असेल, तर आवळलेल्या तोंडावर वरून दाब येतच राहतो. तार तुटायची, रुतायची, नाहीतर शौच अडायचं. म्हणून विसाव्या शतकात सर्जन पोटातून गुदाशय वर बांधण्याकडे वळले.

आईंना सुचवलेलं ऑपरेशन हेच असावं. पूर्ण भूल देऊन पोटावरच्या छोट्या छिद्रांतून गुदाशय मोकळा करतात, वर ओढतात आणि टाक्यांनी किंवा जाळीच्या पट्टीने त्रिकास्थीला बांधतात. २००४ पासून रूढ झालेल्या पद्धतीत जाळी गुदाशयाच्या पुढच्या बाजूला लावतात. त्यामुळे मागच्या व बाजूच्या नसांना धक्का कमी लागतो आणि नंतरची बद्धकोष्ठताही कमी राहते.

कापून टाकण्याची पद्धतही आहे. आल्टेमायर यांच्या नावाच्या ऑपरेशनमध्ये बाहेर येणारं आतडं खालूनच कापून टोकं जोडतात. फ्रेंच लष्करी सर्जन डेलॉर्म यांच्या १९०० सालच्या पद्धतीत फक्त आतलं अस्तर सोलून स्नायूला चुण्या घालतात. हृदय-फुप्फुसं कमजोर असली तर या पद्धती सोयीच्या, कारण कमरेत इंजेक्शन देऊन त्या करता येतात. मात्र त्यांनंतर दुखणं उलटण्याची शक्यता साधारणपणे जास्त मानतात. तेव्हा वय ७० हा एकटा आकडा पुरेसा नाही. भूल झेपेल का, हे आधी तपासून घ्या.

ऑपरेशनने अंग बाहेर येणं थांबतं. शौचावरचा ताबा सुटला असेल, तर तो सुधारायला महिने लागतात आणि सगळ्यांचाच पूर्ण सुधारत नाही. म्हणून फार रेंगाळू नका. सुरुवातीचे काही आठवडे भरलेली कळशी उचलणं बंद. ताक, पालेभाज्या, भरपूर पाणी आणि वेग आला की लगेच जाणं, हे मात्र कायमचं. लहान मुलांची गोष्ट वेगळी : चार वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांत जुलाब, जंत किंवा मलावरोधावर उपचार केले की ऑपरेशनशिवाय भागतं.

बाहेर आलेला भाग आत जाईनासा झाला, काळानिळा पडला किंवा असह्य दुखू लागला, तर ओल्या स्वच्छ कापडाने झाकून थेट रुग्णालय गाठा. तिथे डॉक्टरांनी त्यावर चक्क साखर पसरली तर चकित होऊ नका; ती पाणी शोषून सूज उतरवते.

दुसरं मत हवं असल्यास उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयात किंवा मुंबईत शीव वा जे. जे. रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. रेशनकार्ड बरोबर ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन तिथे बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा. सर्जनना मात्र एक प्रश्न नक्की विचारा : पोटातून आणि खालून, या दोन्हींपैकी माझ्या आईसाठी हीच वाट का?