फिल्टरचा अर्थ सगळीकडे एकच हवा

प्रश्न: आम्ही आवृत्ती-नियंत्रणाचं कमांड-लाइन टूल लिहितोय. फिल्टरचे पर्याय सुसंगत कसे ठेवावेत?

उत्तर: आधी गिटच पाहा. ‘लॉग’मध्ये ‘ग्रेप’चा नमुना रेग्युलर एक्स्प्रेशन असतो, ‘ब्रांच’, ‘टॅग’च्या यादीत मात्र फुलीवाला ग्लॉब चालतो. दोनदा ‘ग्रेप’ दिलं तर एक जुळलं तरी पुरतं, पण जोडीला ‘ऑथर’ आलं की लेखकही जुळावाच लागतो. नवखा इथे हमखास अडखळतो. म्हणून प्रत्येक कमांडसाठी फिल्टरचा वेगळा कोड लिहूच नका. गिटने २.७ मध्ये ‘ब्रांच’, ‘टॅग’ आणि ‘फॉर-ईच-रेफ’ एकाच कोडवर आणले. त्यामुळे ‘मर्ज्ड’, ‘कंटेन्स’ हे फिल्टर तिन्हीकडे चालू लागले. मला मात्र मर्क्युरियल या दुसऱ्या आवृत्ती-नियंत्रण टूलची, आवृत्त्या निवडण्यासाठीची रेव्हसेट भाषा अधिक पटते: ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ वापरणारा स्वतःच लिहितो, आणि तीच अभिव्यक्ती ‘लॉग’ला चालते तशी ‘अपडेट’लाही.