दादू, सुई सोडू नकोस

शिरूर



न्हावऱ्याच्या लग्नात दौंडची मंडळी भेटली आणि कानावर आलं ते ऐकून आत्याच्या घशाखाली घास उतरला नाही. दादूनं म्हणे लाळेची नळी कुठल्याशा कंपनीला पाठवली, 'मधुमेहाचा धोका कमी' असा रिपोर्ट आला आणि त्यानं इन्सुलिन बंद केलं! खोटं असेल तर देव पावला. खरं असेल तर हे पत्र इथंच ठेव आणि आधी डॉक्टरांकडे जा. तुला टाइप वन आहे. त्यात इन्सुलिन थांबलं की रक्तात कीटोन साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

जनुकांच्या शास्त्रावर आत्याचा राग नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरं. त्यांतल्या ठरावीक जागी काय लिहिलंय ते पाहायचं, प्रत्येक जागेला कमी-जास्त वजन द्यायचं आणि संगणकानं बेरीज मांडायची, ही बेरीज म्हणजे धोक्याचा गुणांक. टाइप वनमध्ये सगळ्यात जास्त वजन सहाव्या गुणसूत्रावरच्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांना.

हे काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्झेटर विद्यापीठ यांनी पुण्यातले टाइप वनचे 262, टाइप टूचे 352 आणि मधुमेह नसलेले 334 जण तपासले. 2020 साली ते छापून आलं. युरोपीय लोकांवर बेतलेला गुणांक आपल्याकडेही दोन्ही प्रकार वेगळे ओळखतो, पण तिकडच्याइतका अचूक नाही, असं दिसलं. आपल्याकडे तरुण, सडसडीत माणसालाही टाइप टू होतो, म्हणून नुसत्या वयावरून नि अंगकाठीवरून प्रकार ठरवता येत नाही. तिथं डॉक्टरांना या बेरजेचा आधार होतो. 'जीनोम इंडिया' प्रकल्पानं 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचून 2025 च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली केली. आता आपल्या माणसांवर बेतलेले गुणांक व्हायला हवेत.

पण दादू, गुणांक शक्यता सांगतो. झालेला आजार तो पुसत नाही. गुणांक कमी असूनही टाइप वन होतो. स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतंय हे पाहायला सी-पेप्टाइडची तपासणी असते. ती करून घे, पण इन्सुलिन चालू ठेवून!

आत्याला कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं. 'मुलीला एवढं कशाला' म्हणून राहून गेलं, आणि ती रुखरुख अजून जात नाही, म्हणून असलं काही दिसलं की आत्या वाचत बसते. त्यात आपल्या घरच्या आप्पांचं दुखणं पाहिलेलं. त्यांची वाळलेली काया पाहून सगळा गाव म्हणायचा, 'काडीसारखा माणूस, त्याला कसली साखर?' पायाची जखम चिघळली तेव्हा कळलं. पुढे केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो पाहण्यात आला, 2004 च्या 'लॅन्सेट'मधला. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. बारीक अंगानं आपली माणसं किती फसतात! आप्पांच्या वेळी हे घरात कुणाला ठाऊक असतं तर? तूही तसाच काटकुळा, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

लिहिता लिहिता आत्या फार बोलली. तुझं दुखणं तिला कळत नाही असं नाही. चार पोरांत शर्ट वर करून पोटात सुई टोचायची, घरात लग्नाचा विषय निघाला की मान खाली घालायची, हे विशीतल्या पोराला जड जातं. रोज टोचून घ्यायचा कंटाळा येतो, मग 'धोका कमी' लिहिलेला कागद खरा वाटावासा वाटतो. त्यात तुझी लबाडी नाही, बाळा. पण रागवायचं असेल तर आत्यावर रागव, सुई सोडू नकोस.

पत्र मिळाल्या दिवशीच साखर आणि कीटोन तपासून घे, डॉक्टर सांगतील तसं इन्सुलिन सुरू कर. एकट्याला जावंसं वाटत नसेल तर कळव, आत्या सकाळच्या गाडीनं दौंडला येते. जेवलास की नाही तेही फोनवर सांग.

तुझी,
आत्या