पाळी म्हणजे विटाळ नव्हे

आयाबहिणींनो, आजचा धडा पाळीविषयी आहे. पुरुष मंडळींनीही उठून जाऊ नये. प्रत्येकाच्या घरात आई आहे, बहीण आहे, लेक आहे. म्हणून हा धडा सगळ्या घराचा आहे.

आपल्या नांदेड-लातूरकडे पाळीला नावे पुष्कळ. कोणी म्हणते, "कावळा शिवला." कोणी म्हणते, "बाहेर बसली." कोणी नुसते "अडचण आहे" म्हणते. पण खरे काय घडते, ते मुलीला सांगत कोणी नाही. पहिल्यांदा रक्त दिसले की पोर घाबरते. आपल्याला मोठा रोग झाला, असे तिला वाटते.

पाळी कशी येते?

बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. त्यालाच आपण पिशवी म्हणतो. दर महिन्याला पिशवी आतून मऊ अस्तर तयार करते. पेरणीआधी आपण रान तयार करतो, तसेच हे. गर्भ राहिला नाही की अस्तराचे काम संपते. ते रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. बहुतेक मुलींना ती १२ ते १४ व्या वर्षी सुरू होते. एखादीला थोडी आधी, एखादीला थोडी नंतर. दोन ते सात दिवस ती चालते.

मग यात विटाळ कसला? लोणचे नासते ते ओल्या चमच्याने. पाळीतल्या बाईच्या हाताने ते नासत नाही.

नांदेड जिल्ह्यातले माहूर सगळ्यांना ठाऊक आहे. महानुभाव पंथाचे ते मोठे स्थान. या पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात होऊन गेले. शरीरातून इतर मळ बाहेर पडतो तसेच हेही, असे सांगून त्यांनी पाळीचा विटाळ नाकारला. सातशे वर्षांहून जुनी ही गोष्ट. आपण मात्र अजून पोरीला कोपऱ्यात बसवतो.

कापड की पॅड?

कापड वापरण्यात कमीपणा नाही. पण ते सुती आणि स्वच्छ हवे. साबणाने धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. लाजेपायी लुगड्याखाली झाकून अंधारात वाळवले तर ते दमट राहते. मग खाज सुटते, अंगावरून जाते, दुखणे वाढते. राख, भुसा, पोत्याचा तुकडा तर कधीच वापरू नये. कापड असो की पॅड, चार ते सहा तासांनी बदलावे.

पण धुवायला पाणी कुठून आणायचे? २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. प्यायलाच पाणी नाही, तिथे पोरीने घडी धुवावी कशी? म्हणून पाण्याचा विचार करताना घरातल्या मुलीचाही विचार करावा.

आता पॅडचा हिशेब मांडू. दिवसाला ४ पॅड, असे ४ दिवस. म्हणजे महिन्याला १६ पॅड. दुकानात एक पॅड ५ रुपयांना धरला तर ८० रुपये होतात. मजुराच्या घरात हे ओझेच आहे. २०१८ साली राज्य सरकारने अस्मिता योजना काढली. तिच्यात जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देण्याचे ठरले. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी कर उठला. २०१९ पासून जन औषधी दुकानात एक पॅड एका रुपयाला केला. त्या भावाने महिन्याचे १६ रुपये होतात. वर्षाचे १९२. तंबाखूच्या पुड्यांचा वर्षाचा खर्च काढून पाहा आणि शेजारी हा आकडा लिहा.

शाळा सुटू देऊ नका

शाळेत संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही, तर मुलगी ते चार दिवस घरी राहते. अभ्यास मागे पडतो. मग घरचेच म्हणतात, "पोरगी शहाणी झाली, आता उजवून टाकू." पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाची झाली, असे नाही. १८ वर्षांच्या आत तिचे लग्न करणे हा गुन्हा आहे. असे लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरावर कळवावे.

पिशवी काढण्याची घाई नको

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना खाडा परवडत नाही. पाळीच्या त्रासाला कंटाळून "पिशवीच काढून टाकू" असे कित्येकजणी म्हणतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर बाईची पाळी तरुणपणीच कायमची जाते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. अंगावरून जास्त जात असेल तर आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. पुष्कळ त्रास औषधाने बरे होतात. एकाच डॉक्टरच्या सांगण्यावरून पिशवी काढू नये. दुसऱ्यालाही विचारावे.

एवढे करू या

१. मुलगी दहा वर्षांची झाली की पाळी काय असते ते तिला आधीच सांगू.
२. पाळीत तिला वेगळे बसवणार नाही. पोटभर जेवू घालू.
३. ग्रामसभेत शाळेच्या संडासाचा आणि पाण्याचा विषय काढू.
४. वापरलेला पॅड संडासात टाकणार नाही. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू.

विचार करा आणि सांगा

१. लोणचे खरोखर कशाने नासते?
२. कापड उन्हातच का वाळवावे?
३. तुमच्या गावच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी आहे का? नसेल तर ती कोण बसवील?