तिकिटाच्या पाठीवरचा कागद

जुन्या टपाल तिकिटाच्या पाठीला कागद चिकटलेला दिसला, की हात आधी पाण्याच्या वाटीकडे जातो. तो आवरा. आधी तो कागद कसला आहे ते पाहा. मला हे पैसे मोजून शिकावं लागलं.

व्हिक्टोरिया राणीचं आठ आण्यांचं किरमिजी तिकीट मी एका विक्रेत्याकडून घेतलं होतं. शिक्का हलका, कडेचे दाते शाबूत. मागे खालच्या कोपऱ्यात पिवळट कागदाचा तुकडा. ‘जुनं हिंज आहे, तिकीट अल्बमला चिकटवायची पट्टी, पाण्यात सुटेल,’ असं त्यांनी सांगितलं. हे तिकीट आधी बिनवॉटरमार्कच्या कागदावर आणि पुढे १८६५पासूनच्या मालिकेत हत्तीच्या डोक्याच्या वॉटरमार्कवर छापलं गेलं. माझं त्यातलं कोणतं, हे बघायचं म्हणून मी ते भिजवलं. कागद सुटला आणि त्याच्यासोबत तिकिटाचा कोपराही. तो कोपरा दुसऱ्याच तिकिटाचा होता, मागून ठिगळ लावून जोडलेला. विक्रेत्यांनी हात वर केले.

खरं हिंज ओळखायला कठीण नाही. ते पातळ, अर्धपारदर्शक असतं, बहुधा वरच्या भागात मधोमध असतं आणि त्यावर घडीची खूण दिसते. तयार हिंज मिळण्याआधी संग्राहक तिकिटांच्या पानाची गोंद लावलेली कोरी कड फाडून वापरत. त्यामुळे तुकड्याच्या एका बाजूला भोकांची रांग दिसली तर घाबरू नका. संशय घ्यायचा तो कोपऱ्यात किंवा दात्यांवर चढलेल्या जाड कागदाचा. तिकीट दिव्यासमोर धरा. विरलेली जागा उजळ दिसते, सांध्यावर गडद रेघ दिसते. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचा थेंब टाकला, की लपलेला सांधा काळसर उमटतो आणि गोंदालाही धक्का लागत नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. अतिनील दिवा असेल तर फारच छान. गेल्या शतकाच्या मध्यापासून कागदात उजळक रसायनं येऊ लागली. १८६०च्या दशकातल्या तिकिटामागचा तुकडा निळसर पांढरा चमकला, तर ते ठिगळ अलीकडचं आहे.

काही कागद मात्र तिकिटाइतकेच मोलाचे असतात. एडवर्ड राजाचं एक आण्याचं लाल तिकीट १९०६मध्ये ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ अशा अक्षरांनिशी निघालं, कारण ते टपालाला आणि पावतीला, दोन्हीला चाले. वीस रुपयांवरच्या पावतीला तेव्हा एक आणा लागे. माझ्याकडच्या एका तिकिटामागे जाड हातकागद आहे, त्याचे तंतू बोटाला लागतात. त्यावर आडवी रेघ आधी ओढून तिला लटकवलेली मोडी अक्षरं आहेत, आणि पुढच्या बाजूला अर्धी सही. ही कुणाची तरी पावती! असा कागद भिजवून काढला, तर तिकीट कुठून आलं हेच पुसलं जाईल. शिवाय अशा तिकिटांवरची शाई धुऊन ती ‘न वापरलेली’ म्हणून विकणारेही आहेत. मागे गोंद नाही, पण वहीच्या कागदाचे धागे चिकटलेत, असं दिसलं तर ते तिकीट घेऊ नका.

मागे छापील रेषा दिसल्या म्हणून खरवडायलाही धावू नका. लाटव्हियाची १९१८ची पहिली तिकिटं जर्मन लष्करी नकाशांच्या मागच्या बाजूवर छापली होती. तिथे नकाशा म्हणजेच तिकिटाची पाठ.

पाण्यालाही मर्यादा आहेत. ब्रिटनच्या १८८३-८४च्या जांभळ्या-हिरव्या तिकिटांची शाई मुद्दाम कच्ची ठेवलेली होती, ती भिजली की हिरवा रंग उडतो. रंगीत लिफाफ्याचा तुकडा असेल तर तो रंग तिकिटात उतरतो. आणि मूळ गोंद असलेलं कोरं तिकीट तर कधीच बुडवू नये. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अल्बमच्या पानांमधला बटर पेपर अशा तिकिटाच्या गोंदाला धरून बसतो. तो काढायचाच असेल तर झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, वर जाळी आणि जाळीवर तिकीट चित्र वर करून. थोड्या थोड्या वेळाने बघा. कागद आपण होऊन सैल झाला तरच चिमट्याने उचला. नाही झाला, तर तसाच राहू द्या आणि अल्बमच्या पानावर पेन्सिलीने नोंद करा.