शून्य म्हणजे रिकामे नव्हे

प्रश्न : दूध संकलनासाठी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहितो आहे. लिटर, फॅट, एसएनएफ आणि कपात या बाबी आवश्यक आहेत. पण पशुखाद्याची कपात 0 असली की 'माहिती अपुरी' म्हणून नोंद नाकारली जाते. काय करू?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : घाबरू नका, चूक छोटी आहे. 'इफ'मध्ये नुसते मूल्य तपासले, की जावास्क्रिप्ट 0 लाही 'फॉल्स' धरते. बाब आहे का, हे 'ऑब्जेक्ट.हॅजओन'ने पाहा. मात्र बाब असूनही तिच्यात 'नल' असू शकते. म्हणून मूल्य खरोखर संख्या आहे का, हे 'नंबर.इजफायनाइट'ने वेगळे तपासा. फॅट 0 आली तर मात्र नोंद थांबवाच. शेतकऱ्याचा दर तिच्यावर ठरतो. हीच तपासणी सर्व्हरवरही ठेवा.