त्रिरश्मीवरील व्याजाचा हिशेब

पर्यटकांपुढे इतिहास सांगणाऱ्याने आधी नाव दुरुस्त करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाशिकजवळच्या २४ बौद्ध लेण्यांना लोक सर्रास ‘पांडवलेणी’ म्हणतात. तेथील प्राकृत शिलालेखांत मात्र डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजेच त्रिरश्मी, असे आहे. आणि लेणी पांडवांनी कोरल्याचे एकही लेख सांगत नाही.

पण नुसत्या नावावर भांडून श्रोते जागे होत नाहीत, हाही अनुभव आहे. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही थेट दहाव्या लेण्यातील लेखासमोर उभे करतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने संघासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या श्रेणीचा दर दरमहा शेकडा एक. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण.

मुलांनी तेथेच वहीत आकडे मांडले. वर्षाचे व्याज २४०, भागिले २०, बरोबर १२! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब चोख जुळला. राजाच्या जावयाने विश्वासाने ठेव ठेवावी, अशी पत हातमागावर राबणाऱ्यांची होती.

“सर, त्या विणकरांची नावे कोणती?” एका मुलीने विचारले. आम्ही लेख पुन्हा ओळीने वाचून दाखवला. नावे त्यात नाहीत.