स्वॅप दोन डिस्कवर वाटताना

रॅम भरत आली की लिनक्स तिच्यातली कमी वापरातली पाने डिस्कवरच्या स्वॅप विभागात हलवतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. रॅममधले पान नॅनोसेकंदांत मोजावे इतक्या कमी वेळात हाती येते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर मात्र हेड हलण्यात आठ-नऊ मिलिसेकंद आणि जागा हेडखाली येण्यात सरासरी ४ मिलिसेकंद जातात. चिखलदऱ्यात एखादा जुना संगणक असा रखडला, तर त्याच्या जातीची रॅम घाट उतरून परतवाड्यातही मिळेलच असे नाही. मोडीत निघालेल्या संगणकाची डिस्क मात्र अनेकदा घरातच असते. तिच्यावरही स्वॅप ठेवल्याने वेग खरोखर वाढतो.

पण नुसता विभाग केल्याने भागत नाही. प्राधान्य सांगितले नाही, तर आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत नंतर सुरू झालेल्या विभागाला खालचा क्रम मिळतो आणि पहिला भरेपर्यंत दुसरा रिकामा पडून राहतो. म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये दोन्ही विभागांना एकच प्राधान्य द्यावे. ० ते ३२७६७ मधला कोणताही आकडा चालतो. मग पाने आळीपाळीने दोन्ही डिस्कवर जातात आणि दोन्ही हेड एकाच वेळी राबतात.

अनुभवाला येणारी सर्वांत महागडी चूक वेगळीच आहे: एकाच डिस्कवर दोन स्वॅप विभाग करून दोन्हींना समान प्राधान्य देणे. तिथे एकच हेड दोन टोकांमध्ये धावत राहते आणि संगणक पूर्वीपेक्षा संथ होतो. जुन्या आयडीई डिस्क एकाच केबलवर असतील, तरी एका वेळी एकच बोलते. त्या वेगळ्या केबलवर घ्याव्यात. एक डिस्क एसएसडी असेल, तर समान वाटणी करू नये. तिला वरचे प्राधान्य द्यावे, नाहीतर फिरत्या डिस्ककडे गेलेल्या प्रत्येक पानासाठी थांबावे लागते.

यातला धोकाही ओळखावा. दोनपैकी कोणतीही डिस्क बिघडली, तर तिच्यावर पाने असलेले प्रोग्रॅम बंद पडतात, म्हणून खडखडणारी डिस्क स्वॅपला लावू नये. वीज गेल्यावर यूपीएसच्या भरवशावर हायबरनेट करायचे असेल, तर रॅमची प्रतिमा एकाच विभागात लिहिली जाते. तेवढा मोठा एक विभाग हवाच.

शेवटी व्हीएमस्टॅट ही आज्ञा चालवून एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारे) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारे) हे रकाने पाहावेत. रोजच्या कामात तिथे सतत मोठे आकडे दिसत असतील, तर ती उणीव रॅमचीच असते आणि ती डिस्क वाढवून भरत नाही.